चोर्ला घाटात मान टाकणारी डिझेल गाडी: बूस्ट कुठे गेला त्याचा शोध

पार्श्वभूमी

गाडी २०१६ ची सेडान, बीएस फोर, १.३ लिटर कॉमन रेल डिझेल. टर्बो व्हेरिएबल जॉमेट्रीचा, म्हणजे वेन्सवाला (आत हलत्या पात्या असलेला), आणि त्या वेन्स हलवणारा अ‍ॅक्च्युएटर व्हॅक्यूमवरचा. मीटर १ लाख ३४ हजार किलोमीटर. मालक गोव्यात साखळीकडचे, शाळेत शिकवतात, म्हणून इथे त्यांना सरच म्हणतो. मुलगी बेळगावला शिकायला, त्यामुळे साखळी-केरी-चोर्ला-बेळगाव हा रस्ता सरांच्या पायाखालचा. बाकी आठवडाभर गाडी डिचोली, म्हापसा, कधी पणजी, म्हणजे सगळं सपाट आणि अर्धं ट्रॅफिकमध्ये. हे मुद्दाम सांगतोय कारण गाडी कुठे त्रास देते आणि कुठे देत नाही यातच अर्धं उत्तर होतं.

टर्बो कसा चालतो ते थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. टर्बो एक्झॉस्टच्या जोरावर फिरतो आणि इंजिनात जास्त हवा दाबतो, त्या जादा दाबाला बूस्ट म्हणतात. कॅमशाफ्टवर फिरणारा एक व्हॅक्यूम पंप आहे. तिथून होज सोलेनॉइडला (विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हला) जाते, ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, त्या सोलेनॉइडला सिग्नल देऊन पाहिजे तेवढा व्हॅक्यूम पुढे सोडतो, मग एक पातळ होज टर्बोवरच्या अ‍ॅक्च्युएटरला, आणि अ‍ॅक्च्युएटरचा रॉड वेन्स हलवतो. व्हॅक्यूम आला की रॉड ओढला जातो, वेन्स मिटतात, एक्झॉस्टची वाट अरुंद होते आणि गॅस टर्बाइनवर जोरात बसतो. व्हॅक्यूम गेला की स्प्रिंग रॉडला परत ढकलते, वेन्स सताड उघडतात आणि टर्बो फिरतो पण नावाला. म्हणजे या गाडीत व्हॅक्यूम गळला तर बूस्ट कमीच होणार, जास्त नाही.

तक्रार

केरी सोडून चढ सुरू झाला की सुरुवातीला ठीक, मग मधल्या वळणांवर सेकंडमध्ये पूर्ण पाय दाबून ठेवला की गाडी अचानक मान टाकते. चेक इंजिन लाईट लागते, ३००० आरपीएमच्या वर इंजिन जातच नाही, मागून ट्रकवाला हॉर्न देतो. सरांनी त्यावर उपाय शोधला होता, बाजूला घ्यायची, बंद करायची, चालू करायची की गाडी परत पळते. लाईटही काही वेळाने आपोआप जाते. घाटातल्या वळणावर गाडी बंद करणं हा काही उपाय नाही हे सरांनाही कळत होतं, पण दुसरं करणार काय.

सपाटीला काहीच नाही. पणजीला जाऊन या, म्हापशाला जाऊन या, पिकअप एकदम नॉर्मल. धूर नाही, शिट्टी नाही, हवा सुटल्याचा फुस्स आवाज नाही, मायलेजमध्ये फरक नाही.

आणि टायमिंग असं की चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आलेली. माटोळीच्या (गणपतीवर टांगायची फळं-पानं) सामानापासून माणसांपर्यंत सगळं इकडून तिकडे न्यायचं, मुलीला बेळगावहून आणायचं. त्यामुळे "किती दिवस ठेवायची गाडी" हा प्रश्न "किती खर्च" याच्या आधी आला.

आमच्याकडे यायच्या आधी काय झालं होतं

पहिल्या गॅरेजने स्कॅनर लावला, कोड निघाला पी०२९९, म्हणजे टर्बोचा बूस्ट मागितला त्यापेक्षा कमी. त्यांनी ईजीआर (एक्झॉस्टचा थोडा गॅस परत इनटेकमध्ये सोडणारा व्हॉल्व्ह) साफ केला, एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर बदलला, कोड डिलीट केला. एअर फिल्टर बदलायलाच हवा होता, आमच्या या मायनिंग पट्ट्यातल्या लाल धुळीत तो फार लवकर भरतो. पण कोड उडवताना फ्रीज फ्रेमही उडाली. कोड लागला त्या क्षणी आरपीएम किती, स्पीड किती, लोड किती, इंजिन किती गरम, हे सगळं ईसीयू स्वतः लिहून ठेवतो आणि एक बटन दाबलं की ते जातं. फोटो काढून ठेवायला दहा सेकंद लागतात.

बेळगावची पुढची फेरी झाली आणि लाईट परत आली.

दुसऱ्या गॅरेजने इंटरकूलरचा (टर्बोतून आलेली हवा थंड करतो तो) पाइप काढून दाखवला, आत तेल. "सर, टर्बो ऑइल टाकतोय, गेला हा." नवीन टर्बोचं कोटेशन ५२ हजार, रिकंडिशन्ड घेतला तर २६ हजार, वर लेबर. सर तिथून गाडी घेऊन निघाले ते खर्चाला घाबरून, शंका आली म्हणून नाही, हे त्यांनीच सांगितलं.

आता पाइपमधल्या तेलाबद्दल. क्रँककेसचा (इंजिनाच्या खालच्या, तेलाच्या भागाचा) ब्रीदर, म्हणजे वाफ बाहेर सोडणारी नळी, टर्बोच्या आधी इनटेकमध्येच जोडलेला असतो, त्यातून तेलाची वाफ येते आणि लाखभर किलोमीटर झालेल्या जवळपास प्रत्येक डिझेलच्या इंटरकूलर पाइपमध्ये तेलाचा थर सापडतोच. बोट फिरवलं आणि काळं झालं यावरून टर्बो गेला म्हणता येत नाही. पाइप उलटा केल्यावर तेल ओतलं जात असेल, ऑइल लेव्हल उतरत असेल, निळा धूर येत असेल तर गोष्ट वेगळी. इथे यातलं काही नव्हतं.

समोर असलेले पर्याय

सरांनी सरळ विचारलं, तुम्ही असता तर काय केलं असतं. रास्त प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर एका वाक्यात देता आलं नाही.

रिकंडिशन्ड टर्बो लगेच मिळत होता, पण तो कोणी आणि कसा बनवला त्यावर सगळं अवलंबून. वेन्सवाल्या टर्बोत नुसतं नवीन कार्ट्रिज (मधला फिरणारा भाग) घालून भागत नाही, वेन्सचा मिनिमम फ्लो स्टॉप (वेन्स किती मिटाव्यात ती मर्यादा) आणि अ‍ॅक्च्युएटरची सेटिंग फ्लो बेंचवर करावी लागते, ती अंदाजाने केली तर नवीन दुखणं घरी आणल्यासारखं. नवीन टर्बोचा धोका कमी, पण ५२ हजार टाकून फॉल्ट दुसरीकडेच निघाला तर ते पैसे कोण परत करणार. तिसरा पर्याय म्हणजे चवथ होईपर्यंत तशीच चालवा, नंतर बघू. सरांचा कल तिकडेच होता. माझा त्याला विरोध होता, आणि तो टर्बो बिघडेल म्हणून नव्हता, घाटात समोरच्याला ओव्हरटेक करताना अर्ध्यात पॉवर गेली तर काय, म्हणून होता.

चौथा पर्याय, दोन दिवस गाडी ठेवा, डायग्नोसिसचे पैसे वेगळे द्या, आणि मग टर्बो बदलायचाच झाला तर निदान कारण कळून बदलू. डायग्नोसिसचे वेगळे पैसे द्यायचे म्हणजे आपल्याकडे लोकांना जड जातं, पार्ट हातात मिळत नाही ना. सर मास्तर माणूस, त्यांना पटलं. ठरलं असं की अठराशे रुपये तपासणीचे, आणि विचारल्याशिवाय एकही पार्ट बदलायचा नाही.

तपासणी: गॅरेजमध्ये

या वेळी फ्रीज फ्रेम हातात होती, कोड परत लागल्यावर कोणी डिलीट केला नव्हता. आरपीएम २१५०, स्पीड ३३, लोड ९६ टक्के, कूलंट ९१ डिग्री. म्हणजे सेकंड गिअर, इंजिन पूर्ण गरम आणि पाय पूर्ण दाबलेला.

आधी मॅप सेन्सर, म्हणजे इनटेकमधल्या हवेचा दाब मोजणारा. इग्निशन ऑन, इंजिन बंद, अशा वेळी मॅप सेन्सरने बाहेरच्या हवेचाच दाब दाखवायला पाहिजे. डिचोलीत समुद्रसपाटीच्या आसपास तो १००-१०१ किलोपास्कल यायला हवा, आला तो मॅप १००, बॅरो (बाहेरच्या हवेचा दाब) १००. सेन्सर खोटं बोलत नव्हता. इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो, स्कॅनरवर २२० दिसलं की दोन बार बूस्ट आहे समजतात. तो अ‍ॅब्सोल्यूट आकडा, त्यातून हवेचे १०० वजा करायचे, म्हणजे खरा बूस्ट १.२ बार. डिझायर्ड (ईसीयूने मागितलेला) आणि अ‍ॅक्च्युअल दोन्ही अ‍ॅब्सोल्यूटमध्येच वाचायचे आणि एकमेकांशी ताडायचे, मग गोंधळ होत नाही.

मग ईजीआर. तो उघडा अडकला तरी बूस्ट जातो. बंद असताना आयडलला हवेचा आकडा साडेतीनशे मिलिग्रॅम प्रति स्ट्रोकच्या आतबाहेर येत होता, आणि हिशोबही तेवढाच लागतो, १२४८ भागिले चार म्हणजे एका सिलिंडरला ३१२ सीसी, आपल्याकडच्या उन्हात एक लिटर हवेचं वजन साधारण १.१५ ग्रॅम. त्यामुळे ईजीआर आणि एअर मास सेन्सर दोघांनाही तिथल्या तिथे सोडलं.

धूर नसणं ही माहिती फार कामाची होती. टर्बोच्या पुढचा पाइप फाटला तर एअर मास सेन्सरने मोजलेली हवा वाटेतच निघून जाते, ईसीयू मात्र ती आत पोचली असं धरून डिझेल सोडतो, मग मागे काळा धूर आणि कानाला फुस्स आवाज. टर्बो मुळातच कमी हवा ओढत असेल तर सेन्सरही कमी मोजतो, ईसीयू डिझेल आखडतं घेतो, गाडी मरगळते पण धूर फारसा नाही. सरांची गाडी सरळसरळ दुसऱ्या प्रकारातली. तरी पाइपचा प्रेशर टेस्ट केला, कारण रबरातली बारीक चीर लोड आल्यावरच उघडते. रेग्युलेटर लावून ०.८ बारपर्यंत हवा भरली आणि सगळ्या जॉइंटवर साबणाचं पाणी. हे घरी करणाऱ्यांनी जरा जपून, कॅप सुटली तर गोळीसारखी येते, आणि थोडी हवा व्हॉल्व्हमधून क्रँककेसमध्ये जातेच, म्हणून दाब चढवत बसायचं नाही. एकही बुडबुडा नाही.

टर्बोचा शाफ्ट हाताने हलवून बघितला. बाजूला किंचित हलतो, तेवढा हलायलाच पाहिजे, त्याचं बेअरिंग तेलाच्या थरावर तरंगतं. आत-बाहेर हाताला अजिबात जाणवलं नाही, ते जाणवलं असतं तर विषय संपला होता. ब्लेड कुठे घासलेली नाहीत. कॅट (एक्झॉस्टमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) चोक असण्याची शक्यताही सपाटीच्या रनमध्ये मागे पडली, कॅट भरला असता तर वरच्या आरपीएमला गाडी सगळीकडेच गुदमरली असती.

राहिला व्हॅक्यूम. पंपावर गेज लावला, आयडलला २७ इंच (पाऱ्याचे), उत्तम. ब्रेक बूस्टरही याच पंपावर असतो आणि सरांची ब्रेकबद्दल काही तक्रार नव्हती, म्हणजे पंप आणि मुख्य लाइन ठीक असणार हे गेज लावायच्या आधीच अर्धं कळलेलं. अ‍ॅक्च्युएटरला हँड पंप लावला, ४ इंचाला रॉड हलायला लागला, १८ ला पूर्ण आत, आणि गेजचा काटा तिथेच थांबला, म्हणजे डायफ्राम फाटलेला नाही. परत येताना रॉड शेवटच्या थोड्या भागात किंचित अडखळला. ते लिहून ठेवलं. सोलेनॉइडची कॉइल १५ ओम, हीट गनने गरम करूनही क्लिक व्यवस्थित. इंजिन चालू केलं की रॉड वर जातो, बंद केलं की खाली.

थोडक्यात, उभ्या गाडीत सगळं पास.

निर्णयाची जागा: आता टर्बो की घाट

इथे केस दोन वाटांना फुटू शकत होती. सगळे पार्ट चांगले, तरी बूस्ट नाही, मग उरतो तो टर्बोच, असं म्हणून टर्बो उतरवणं अगदी सोपं होतं आणि रॉड अडखळतो हे सांगायला कारणही तयार होतं. मला मात्र एक गोष्ट खुपत होती. वेन्स काजळीने जाम असत्या तर तक्रार बहुतेक उलटी आली असती, मिटलेल्या अडकल्या तर ओव्हरबूस्ट, कोड पी०२३४. उघड्या अडकल्या तर सपाटीलाही खालच्या आरपीएमला गाडी मेली असती. फक्त घाटात, फक्त सेकंडमध्ये आणि गाडी बंद करून चालू केली की बरी, हे वागणं जाम झालेल्या लोखंडाचं वाटत नव्हतं.

म्हणून ठरवलं, फॉल्ट जिथे होतो तिथे जाऊन मोजायचं. अ‍ॅक्च्युएटरच्या होजमध्ये टी जोडला, लांब नळी बॉनेटच्या फटीतून काचेतून आत घेतली आणि गेज डॅशबोर्डवर चिकटवला. लांब नळीने काटा जरा सुस्त होतो, पण आपल्याला सेकंदाचा शंभरावा भाग बघायचा नव्हता. सर गाडी चालवणार, कारण त्यांची पाय दाबायची सवय हाही टेस्टचाच भाग, आणि मी बाजूला स्कॅनर घेऊन. स्कॅनरवर चारच गोष्टी ठेवल्या, डिझायर्ड बूस्ट, अ‍ॅक्च्युअल बूस्ट, सोलेनॉइडची ड्यूटी (ईसीयू त्याला किती टक्के चालवतोय ते) आणि आरपीएम. स्क्रीनवर वीस आकडे ठेवले की रिफ्रेश इतका मंद होतो की नेमका तो क्षणच सुटतो.

घाटात काय दिसलं

केरीपर्यंत सगळं सरळ. अंजुणे धरणाच्या बाजूने वर निघालो, थर्डमध्ये डिझायर्ड १८५, अ‍ॅक्च्युअल १८३, व्हॅक्यूम १३ इंच. सर मला सांगत होते की आज बघा काहीच होणार नाही, डॉक्टरसमोर ताप उतरतो तसं. मग पहिलं मोठं वळण, सेकंड, पाय पूर्ण खाली. डिझायर्ड २२०, अ‍ॅक्च्युअल २१०, व्हॅक्यूम १६. दोन-तीन सेकंद गेले आणि काटा घसरायला लागला, १४, ११, ८. त्याच वेळी सोलेनॉइडची ड्यूटी चढत चढत ९० टक्क्यांच्या वर, म्हणजे ईसीयू ओरडून व्हॅक्यूम मागतोय आणि तो अ‍ॅक्च्युएटरपर्यंत पोचत नाहीये. अ‍ॅक्च्युअल बूस्ट १५२ वर आला. थोड्याच वेळात लाईट.

सरांना पाय काढायला सांगितला. काटा लगेच वर. लिंप मोड (ईसीयू स्वतःच पॉवर कमी करून ठेवतो तो) लागलेला असल्याने गाडी बंद-चालू करावी लागली, त्यासाठी पुढची रुंद जागा येईपर्यंत हळूहळू नेली. मग परत तेच, सेकंड, फुल लोड, काटा खाली, पाय काढला की काटा वर. फर्स्टमध्ये तर आणखी लवकर. थर्डमध्ये मात्र पूर्ण पाय दाबूनही जवळपास नाहीच.

इथे टर्बो संशयातून सुटला. ईसीयू मागतोय, पंप देतोय, पण मधल्या पातळ लाइनमध्ये कुठेतरी व्हॅक्यूम पळतोय, आणि तोही गरमीपेक्षा लोडशी जास्त बांधलेला. कारण गरमीच असती तर पाय काढल्या काढल्या काटा वर आला नसता, एवढ्यात काही थंड होत नाही.

गिअर जितका खालचा तितका फॉल्ट लवकर. आडवं बसवलेलं इंजिन चाकांना जेवढा टॉर्क देतं तेवढाच उलटा धक्का त्याच्या माउंटवर बसतो आणि इंजिन त्या बाजूला कलतं. फर्स्ट-सेकंडमध्ये चाकाकडचा टॉर्क सगळ्यात जास्त, म्हणून कलणंही जास्त. सोलेनॉइड बॉडीवर बसलेला, अ‍ॅक्च्युएटर इंजिनावर. या दोघांच्या मध्ये जे काही आहे ते इंजिन कललं की ताणलं जाणार. सपाटीला सेकंडमध्ये फुल पाय दोन-तीन सेकंदच असतो, मग आपण थर्ड टाकतो, आणि पी०२९९ लागायला बूस्ट काही सेकंद सलग कमी राहावा लागतो. घाटात ते सेकंद मिळतात.

वर पठारावर पोचल्यावर गंमत म्हणून बॅरो बघितला, ९२. चोर्ला साधारण ८०० मीटरवर आहे, त्यामुळे तेवढाच यायला हवा. तिथे पंपाचा व्हॅक्यूमही अडीच इंचांनी कमी दिसतो आणि तो फॉल्ट नाही, बाहेरची हवाच पातळ आहे. घाटमाथ्यावर मोजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

मूळ कारण

परत येऊन उजेडात नीट बघितलं. सोलेनॉइडपासून अ‍ॅक्च्युएटरला जाणारी नळी कंपनीची नव्हतीच. पारदर्शक, आता पिवळी पडलेली प्लास्टिकची नळी, काचेवर पाणी मारायच्या वॉशरला किंवा फिश टँकला असते तसली, वर काळी टेप गुंडाळलेली म्हणून पटकन ओळखू येत नव्हती. आणि मापाने आखूड. उभ्या गाडीत निपलवर बरोबर बसलेली, ताण आला की निपलवरून दोन-तीन मिलिमीटर सरकून तोंड उघडायची, ताण गेला की परत जागेवर.

सरांना विचारलं, वर्षभरात बॉनेटखाली कोणी हात घातलाय का. नाही म्हणाले. मग वहिनींनी आठवण करून दिली, गेल्या पावसाळ्यात उंदराने वायर-पाइप कुरतडले होते आणि गाडी वाटेत बंद पडल्यावर एका मेस्त्रीने जागच्या जागी काहीतरी करून दिलं होतं. सरांच्या लेखी ते "उंदराचं काम" होतं, पिकअपशी त्याचा काय संबंध. त्या मेस्त्रीलाही मी नावं ठेवणार नाही, भर पावसात रस्त्यावर जी नळी मिळाली ती लावून त्याने माणसांना घरी पोचवलं. पक्की होज नंतर टाकायची होती ती कोणीच टाकली नाही.

पण आखूड नळीला वर्षभर काही झालं नाही, मग आत्ताच का? म्हणून एकाला ब्रेकवर बसवलं, हँडब्रेक लावला, क्लच अगदी थोडा सोडून इंजिनला क्षणभर लोड दिला आणि बाजूला उभं राहून बघितलं. गाडीच्या समोर कोणीही उभं राहायचं नाही, हे आमच्याकडे भांडण होईपर्यंत सांगतो. इंजिन प्रमाणाबाहेर उडालं. खालच्या टॉर्क रॉडचं (इंजिनाला कलण्यापासून धरून ठेवणारं माउंट) रबर फाटलेलं. अ‍ॅक्सिलरेटर सोडताना "टक" असा आवाज येतो हे सर दोन-तीन महिने ऐकत होते आणि सस्पेन्शनचा समजत होते.

म्हणजे उंदीर, मग आखूड नळी, मग फाटलेलं माउंट, मग घाट. यातलं एकही नसतं तर लाईट लागली नसती.

काय केलं

व्हॅक्यूमची खरी रबरी होज, आतून योग्य मापाची, बाहेरून विणलेली, थोडी सैल लांबी ठेवून आणि एक्झॉस्टपासून लांब वळवून टाकली. दोन्ही टोकांना छोट्या क्लिपा. पंपाकडून सोलेनॉइडला येणारा तुकडाही सोबत बदलला, तो फाटला नव्हता पण कडक झाला होता.

टॉर्क रॉडवर थोडी घासाघीस झाली. सरांचं म्हणणं, नवी होज लांब आहे ना, मग इंजिन हललं तरी काय बिघडतं, माउंट पुढच्या महिन्यात करू. तर्क चूक नव्हता, त्यांचा फॉल्ट नुसत्या होजने गेला असता. पण इंजिन एवढं उडत राहिलं तर पुढचा नंबर एक्झॉस्टच्या फ्लेक्स पाइपचा आणि इंटरकूलरच्या होजचा लागतो. हे त्यांना लोड देऊन डोळ्यांनी दाखवलं तेव्हा हो म्हणाले.

अडखळणाऱ्या रॉडचं काय, हा शेवटचा निर्णय. टर्बो उतरवून वेन्स साफ करता आल्या असत्या, पण या वयाच्या टर्बोचे नट-स्टड एक्झॉस्टच्या उष्णतेने आणि आपल्याकडच्या खाऱ्या दमट हवेने असे धरलेले असतात की एखादा तुटतोच, आणि मग चवथ गॅरेजमध्येच. ठरवलं की सध्या हात लावायचा नाही, आधी घाटात बघू.

बिल: होज आणि क्लिपा ३८० रुपये, टॉर्क रॉड १,९५०, लेबर ९००, तपासणीचे १,८००. एकूण ५,०३०.

निकाल

त्याच रस्त्याने परत टेस्ट घेतली, गेज तसाच लावून. सेकंड, फुल पाय, तेच वळण. डिझायर्ड २२०, अ‍ॅक्च्युअल २१७ ते २२३, व्हॅक्यूम १६-१७ वर ठाम, ड्यूटी साठीच्या घरात. पठारापर्यंत लाईट नाही. "टक" आवाजही गेला. चवथीला मुलगी वेळेत घरी आली आणि त्यानंतरही सरांच्या बेळगावच्या फेऱ्या चालू आहेत, पी०२९९ परत आलेला नाही.

एक गोष्ट मात्र लाइव्ह डेटात दिसली. पाय एकदम सोडून परत दाबला की अ‍ॅक्च्युअल बूस्ट डिझायर्डच्या वर २५-३० किलोपास्कल उडी मारतो आणि मग खाली बसतो. हे त्या अडखळणाऱ्या रॉडमुळेच. अजून कोड लागण्याएवढं ते नाही.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्या गॅरेजने फ्रीज फ्रेमचा फोटो ठेवला असता तर "सेकंड, ३३ स्पीड, फुल लोड" एवढं त्याच दिवशी कळलं असतं. कदाचित तरी ईजीआर साफ केलाच असता, पण दिशा मिळाली असती.

दुसऱ्या गॅरेजबद्दल लोक मला विचारतात की ते फसवत होते का. मला तसं वाटत नाही, आणि खरी अडचण तीच आहे. समजा सरांनी ५२ हजार देऊन नवीन टर्बो टाकला असता. टर्बो बदलताना ती नळी काढावी लागते, फिटरच्या हाताला ती कडक लागली असती, त्याने सहज दुसरी चांगली होज लावली असती आणि गाडी बरी झाली असती. मग सर, फिटर, आणि ज्याला ज्याला ही गोष्ट सांगितली गेली असती ते सगळे, टर्बोच गेला होता यावर ठाम राहिले असते. पुढच्या पी०२९९ च्या गाडीला त्याच फिटरने आणखी आत्मविश्वासाने टर्बो सांगितला असता. म्हणून जुना पार्ट काढल्यावर तो का गेला हे दाखवता येत नसेल तर गाडी बरी झाली एवढ्यावर मी तरी निदान बरोबर होतं असं म्हणत नाही.

आमच्या बाजूने क्रम बदलला आहे. पाइपच्या प्रेशर टेस्टला अर्धी दुपार गेली, धूर नाही आणि आवाज नाही हे माहीत असताना तो मागे ढकलता येतो, त्याच्या आधी अ‍ॅक्च्युएटरच्या बाजूला गेज लावून रोड टेस्ट. पंपाच्या बाजूचं रीडिंग छान दिसतं पण सोलेनॉइडच्या पुढे काय चाललंय ते त्यात दिसत नाही, सोलेनॉइडचं भोक इतकं बारीक की पुढे गळती असली तरी पंपावर २७ इंच राहू शकतात. इंजिनला लोड देऊन माउंट बघणं तर पाच मिनिटांचं काम, ते आता गाडी रॅम्पवर घ्यायच्या आधीच करतो. आणि बॉनेटखाली कोणी हात घातलाय का हा प्रश्न आता असा विचारतो, "पावसात गाडी कुठे बंद पडली होती का, उंदीर शिरले होते का?" आणि शक्य असेल तर घरातल्या दुसऱ्या माणसालाही विचारतो.

वेन्सचं काम अजून बाकी आहे. सरांना सांगितलंय की शहरात १५०० आरपीएमवर चौथ्यात रांगत चालवू नका, आठवड्यातून एकदा तरी इंजिन पूर्ण गरम असताना गाडी थोडा वेळ वरच्या आरपीएमला पळवा. त्याने बसलेली काजळी किती निघेल याची मी खात्री दिलेली नाही, नवीन जमणं कमी होईल. पुढच्या सर्व्हिसला परत हँड पंप लावून रॉड बघायचा, बूस्टची उडी वाढली असेल किंवा पी०२३४ दिसला तर टर्बो उतरवायचा, आणि तो उतरवायचा झाला तर मे महिन्यात, शाळेला सुट्टी असताना.